मोठ्या शहरातली आडबाजूची ठिकाणे, खाणे आणि ऋतूंप्रमाणे भटकंती: याद्यांवाचून कशी शोधावी?

रविवारची_पायपीट यांचा प्रश्न

नमस्कार. गेली तीन वर्षे मी एका मोठ्या शहरात राहते आणि बहुतेक दर रविवारी बाहेर पडते, तरीही हे शहर ओळखीचे झाले आहे असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. सुरुवातीला मी समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘कोणालाही ठाऊक नसलेली दहा ठिकाणे’ अशा याद्या जपून ठेवत असे. त्यांतल्या एका ‘अज्ञात’ बागेत पोहोचले तेव्हा तिथल्या एकुलत्या एका दगडी बाकापुढे छायाचित्रासाठी रांग लागलेली होती. माझ्यापुढे चौदा जण होते आणि त्यांतल्या निदान चौघांच्या मोबाइलवर मी वाचलेलीच यादी उघडी होती. खाण्याच्या बाबतीतही असेच होते. ज्या उपाहारगृहाला हजारो लोकांनी चांगले म्हटलेले असते तिथेच आणखी हजारो लोक जातात आणि शेजारच्या गल्लीत कोण काय रांधते आहे हे कोणालाच कळत नाही. ऋतूंचे तर विचारूच नका. झाडे फुलली हे मला कळते तेव्हा त्यांच्याखाली पाकळ्यांचा चिखल झालेला असतो.

शहराचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले तर इथेही दहा ठिकाणांची यादीच जमेल आणि ती यादी पुढच्या रविवारी संपेल. मला शोधण्याची रीत हवी आहे, म्हणजे उद्या बदली होऊन दुसऱ्या शहरात गेले तरी ती उपयोगी पडेल. ज्यांना असे काही सापडले आहे त्यांनी ते नेमके कसे सापडले, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

जुना_नकाशा यांचे उत्तर

शहराचे नाव न सांगण्याचा आपला निर्णय मला फार आवडला. माझी रीत अशी की मी त्या भागाचे दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवतो, एक आजचा आणि एक जितका जुना मिळेल तितका जुना. जुने नकाशे बहुधा मोठ्या ग्रंथालयांच्या किंवा अभिलेखागारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात. दोन्ही नकाशांत न जुळणाऱ्या जागा शोधायच्या. चौकटीच्या कागदासारख्या सरळ आखलेल्या वस्तीत एखादाच रस्ता कारण नसताना वळसे घेत जात असेल, तर तिथे पूर्वी ओढा, तटबंदी किंवा लोहमार्ग असण्याची शक्यता मोठी. लंडनमध्ये फ्लीट नावाची अख्खी नदी रस्त्यांखालून वाहते आणि क्लर्कनवेलमधल्या एका मद्यगृहासमोरच्या लोखंडी जाळीपाशी उभे राहिले की तिचे पाणी ऐकू येते. सोलमध्ये चोंग्गेचॉन हा ओढा काँक्रीटखाली गाडून त्यावर उन्नत महामार्ग उभारला होता. तो महामार्ग पाडून 2005 मध्ये जवळजवळ सहा किलोमीटरचा प्रवाह पुन्हा उघडा केला. बंद पडलेल्या लोहमार्गांचेही असेच आहे. पॅरिसमध्ये 1969 साली बंद झालेल्या मार्गाच्या कमानींवर 1993 मध्ये उंचावरची बाग खुली झाली आणि न्यूयॉर्कची हाय लाइन 2009 मध्ये त्याच वाटेने गेली. ही ठिकाणे आता प्रसिद्ध आहेत हे मला ठाऊक आहे. सांगायचे ते इतकेच की आपल्या शहरातही अशा रेषा असणार आणि त्यांतल्या बहुतेकींना अजून कोणी नाव दिलेले नसणार.

आजचा नकाशा निवडतानाही थोडा विचार करावा. व्यावसायिक नकाशा दुकाने आणि गर्दीची ठिकाणे ठळकपणे दाखवतो. 2004 साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी भरलेला ओपनस्ट्रीटमॅप उघडला तर त्यात पायऱ्या, पाऊलवाटा, पिण्याच्या पाण्याचे नळ आणि बाकसुद्धा नोंदलेले आढळतात. जिथे पायऱ्या आहेत तिथे उतार आहे आणि उताराच्या माथ्यावरून बहुधा काहीतरी दिसते, एवढ्या साध्या तर्कावर मला माझ्या भागातले दोन उत्तम कठडे सापडले आहेत.

आणखी एक प्रकार फारच थोड्यांना माहीत असतो. काही शहरांत इमारत बांधणाऱ्याला जास्तीचे बांधकाम करण्याची मुभा मिळते आणि त्या बदल्यात जागेचा काही भाग लोकांसाठी खुला ठेवावा लागतो. न्यूयॉर्कने 1961 च्या नियमांत हे आणले, तर सॅन फ्रान्सिस्कोने 1985 च्या आराखड्यात, आणि तिथे अशा काही जागा चक्क कार्यालयांच्या गच्चीवर आहेत. आपल्या शहरात असा नियम आहे का, हे नगररचना विभागाच्या कागदपत्रांत पाहावे. माझ्या शहरात तो आहे. पहिल्यांदा मी अशा एका इमारतीत शिरलो तेव्हा पहारेकऱ्याने ‘कोणाकडे जायचे आहे?’ असे विचारले. ‘गच्चीतल्या बागेत’ असे म्हटल्यावर तो हसला आणि अशी बागच नाही म्हणाला. लिफ्टशेजारी, कुंडीतल्या झाडाच्या पानांआड, ‘ही जागा सर्वांसाठी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा खुली आहे’ असा पितळी फलक होता. मी पाने बाजूला केली, त्याने फलक सावकाश वाचला आणि मग माझ्याबरोबर तोही वर आला. चार वर्षे त्या दारावर नोकरी करूनही त्याने ती बाग पाहिलेली नव्हती.

चालू लोहमार्ग, कुंपणे आणि खाजगी अंगणे मात्र सोडावीत. जुन्या नकाशातली वाट आज कोणाच्या तरी परसातून जात असू शकते.

शेवटचा_थांबा यांचे उत्तर

वरचे उत्तर विद्वत्तापूर्ण आहे, परंतु इतकी तयारी करायची म्हटले तर माझ्यासारखा माणूस घराबाहेरच पडणार नाही. मी इतकेच करतो की कोणतीही एक बस पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत जातो आणि तिथून दोन-तीन थांबे मागे चालत येतो. शेवटच्या थांब्यावर शहराची शिवण दिसते. जागा स्वस्त असल्यामुळे रोपवाटिका, गोदामे, जुने सामान विकणारे, मोकळी मैदाने हे सगळे तिथेच असते आणि गाडी उलटी फिरेपर्यंत चालक-वाहक जिथे चहा पितात ती जागाही तिथेच असते.

दुसरे म्हणजे, चार रविवारी चार भाग पाहण्याऐवजी चारही रविवारी एकाच भागात, पण वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहावे. पहिल्या खेपेला आपल्याला फक्त दुकानांच्या पाट्या दिसतात. तिसऱ्या खेपेला कोणीतरी ‘काय शोधताय?’ असे विचारते, आणि माझ्या अनुभवात खरी माहिती त्या प्रश्नापासून सुरू होते.

पहाटपाळी यांचे उत्तर

मी अकरा वर्षे रात्रपाळी केली आहे, त्यामुळे खाण्याबद्दल थोडे अधिकाराने लिहिते. चांगल्या खाण्याचा पत्ता बहुतेक लोक नकाशावर शोधतात. माझ्या मते तो घड्याळात शोधला पाहिजे. शहर चालू ठेवणारी माणसे आपण झोपलेलो असताना जेवतात. घाऊक बाजार, छापखाने, रुग्णालये, बस आगारे, बंदरे यांच्या आसपास पहाटे तीनला किंवा दुपारी चारला भरून वाहणारी खाणावळ ही तिच्या रोजच्या गिऱ्हाइकांच्या जिवावर चालते आणि रोजच्या गिऱ्हाइकाला फसवून धंदा होत नाही. हौशी पाहुणा पुन्हा येणारच नसतो, म्हणून त्याला काहीही वाढले तरी चालते.

इथेही ‘जुना_नकाशा’ यांची रीत लागू पडते, कारण बाजार उठून गेले तरी त्यांच्या भोवतालचे खाणे लगेच उठत नाही. पॅरिसचा मध्यवर्ती घाऊक बाजार 1969 मध्ये शहराबाहेर रुंजिसला हलला. तोक्योच्या त्सुकिजीतला घाऊक मासळी बाजार 2018 च्या ऑक्टोबरात तोयोसूला गेला, पण त्याच्या बाहेरच्या अंगाची दुकाने आणि खाण्याच्या जागा जुन्याच ठिकाणी राहिल्या. आपल्या शहरात कोणता बाजार, कोणता कारखाना पूर्वी कुठे होता याची चौकशी करावी आणि तिथे एकदा उपाशी पोटी जावे.

ओळखायचे कसे, तर माझ्या काही खुणा आहेत. पदार्थांची यादी तोकडी असावी. आलेली माणसे ती यादी न वाचताच बसलेली असावीत. काहीतरी संपलेले असावे आणि ते संपले हे सांगताना वाढणाऱ्याला अपराधी वाटू नये. मी जाते त्या ठिकाणी भिंतीवर एक पाटी आहे. पदार्थ संपला की मालकीण ओल्या बोटाने ती ओळ पुसते आणि तेच बोट पदराला न पुसता पुढच्या ओळीवर अधांतरी धरून भांड्यात डोकावते, म्हणजे आता कशाची पाळी आहे ते रांगेतल्या सगळ्यांना कळते. सहाव्या ओळीवर बोट आले की रांगेतली शेवटची माणसे न बोलता निघून जातात.

आंतरजालावरचे तारांकन मी पाहतच नाही असे नाही. मात्र ते वर्तुळ आहे हे लक्षात ठेवून पाहते: वर दिसते म्हणून लोक जातात, गेले म्हणून अभिप्राय वाढतात आणि अभिप्राय वाढले म्हणून ते आणखी वर दिसते. त्यापेक्षा त्या शहराच्या स्थानिक भाषेत आणि लिपीत शोध घेतला तर वेगळीच नावे पुढे येतात. कोणाला विचारायचेच झाले तर ‘इथे सगळ्यात चांगले कुठे मिळते?’ असे विचारू नये. त्यावर माणूस पाहुण्यांना सांगायचे ठरलेले उत्तर देतो. ‘पाळी संपल्यावर तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ असे विचारावे. या प्रश्नावर माणूस क्षणभर थांबतो आणि बहुतेकदा खरे सांगतो.

स्वच्छतेची काळजी वाटणे रास्त आहे. माझा नियम असा की जिथे समोर रांधलेले गरम अन्न पटापट संपते आहे तिथे खावे आणि कापून ठेवलेले, थंड झालेले काही घेऊ नये.

पाखरांची_वही यांचे उत्तर

आपल्याला फुलोरा नेहमी उशिरा कळतो, याचे कारण असे की आपण शहराला एकच ऋतू असतो असे धरून चालता. तसे नसते. शहर आसपासच्या गावांपेक्षा रात्री अधिक उबदार राहते, हे ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनच्या तापमानाच्या नोंदींवरून दोनशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते. पण शहराच्या आतही दक्षिणेकडे तोंड केलेली भिंत, काचेच्या इमारतीसमोरचा पदपथ, नदीकाठचा गारवा आणि दिव्याच्या खांबाखालची जागा यांचे हवामान निरनिराळे असते. रात्रभर दिव्याच्या उजेडात राहणाऱ्या फांद्यांची पाने पुष्कळदा उशिरा गळतात. याचा फायदा असा की एका ठिकाणी बहर हुकला तरी त्याच जातीचे दुसरे झाड एखाद्या थंड गल्लीत अजून कळ्यांवर असू शकते.

त्यासाठी वही ठेवावी लागते. दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. क्योतोमध्ये चेरी कधी फुलली याच्या नोंदी जुन्या रोजनिशांतून गोळा केल्या आहेत आणि त्यांतली सर्वांत जुनी नोंद इसवी सन 812 ची आहे. 2021 मध्ये तिथे 26 मार्चलाच पूर्ण बहर आला आणि तो तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा ठरला. आपल्याला बाराशे वर्षे लागत नाहीत, दोन पुरतात. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो: ‘टपाल कार्यालयामागचे झाड, सकाळी सात. खालच्या तीन फांद्या फुललेल्या, शेंडा अजून कोरा. शाळेसमोरच्या झाडाला एकही कळी नाही.’ पुढच्या वर्षी शाळेसमोरचे झाड अकरा दिवसांनी मागे असते हे मला आधीच ठाऊक होते, म्हणून त्याचा पहिला दिवस मला मिळाला.

पक्ष्यांसाठी ईबर्ड हे संकेतस्थळ 2002 पासून चालू आहे. एखाद्या जागेच्या नोंदी पुरेशा असतील तर तिथे कोणता पक्षी वर्षाच्या कोणत्या आठवड्यांत दिसतो याचे पट्ट्यांचे चित्र त्यात पाहता येते. मी ते पक्ष्यांपेक्षा जागांसाठी अधिक वापरतो. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राशेजारचे तळे, दफनभूमी, विद्यापीठाची मागची बाजू अशी प्रवासाच्या कोणत्याही यादीत न येणारी ठिकाणे तिथे ठळकपणे दिसतात. आपले शहर समुद्राकाठी असेल तर भरती-ओहोटीचे कोष्टक हेदेखील सहलीचे वेळापत्रकच आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत मागे जाते आणि एरवी बुडालेला खडक दोनएक तास चालण्याजोगा होतो. मात्र परतीची वेळ आधी ठरवून मगच उतरावे, कारण पाणी मागून फिरून येते.

वर्षातून एकदाच उघडणारी दारेही ऋतूंसारखीच असतात. लंडनमध्ये 1992 पासून ‘ओपन हाउस’च्या निमित्ताने एरवी बंद असणाऱ्या इमारती लोकांना विनामूल्य पाहता येतात आणि त्याच धर्तीचे उपक्रम आता अनेक देशांतल्या शहरांत होतात. शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज यांच्या स्मरणार्थ 2007 साली तोरोंतोमध्ये सुरू झालेल्या पायी फेऱ्या मे महिन्याच्या आरंभी निघतात आणि त्यांत रहिवासी स्वतःच आपली वस्ती दाखवतात. आपल्या शहरात असे काही आहे का, याची चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करून तारखा लिहून ठेवाव्यात.

रविवारची_पायपीट यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. दोन महिने मुद्दाम काही लिहिले नाही, कारण आधी करून पाहायचे होते. बसचा शेवटचा थांबा आणि जुना नकाशा या दोन्ही रीती मी एकत्र केल्या. शेवटच्या थांब्याजवळ एक गल्ली उगाचच नागमोडी आहे. जुन्या नकाशात तिथे पाटाचे पाणी दाखवलेले आहे. ती गल्ली जिथे संपते तिथे उतरत्या पायऱ्या, एक विहीर आणि दोन मोठी झाडे आहेत. पहिल्या रविवारी मला पायऱ्या दिसल्याच नव्हत्या, कारण त्यांच्या तोंडाशी हातगाडी उभी होती.

आता खरी अडचण पुढे आली आहे. छायाचित्र काढले, ते चांगले आले आणि ते सर्वांना दाखवावेसे वाटते आहे. पण त्या दगडी बाकासमोरची रांगही आठवते. आपण काय करता?

पाखरांची_वही यांचे उत्तर

मी छायाचित्र दाखवतो, जागा सांगत नाही. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचे नेमके स्थान आपोआप अस्पष्ट केले जाते, तोच नियम मी विहिरींनाही लावतो. 2019 च्या वसंतात कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर या लहान शहराजवळच्या एका दरीत पॉपीची फुले अलोट फुलली आणि छायाचित्रे पसरताच इतकी गर्दी लोटली की रस्ता बंद करावा लागला. 2023 मध्ये पुन्हा बहर आला तेव्हा ती दरी सुरुवातीपासूनच बंद ठेवली गेली. पॅरिसच्या र्‍यू क्रेमिअ या रंगीत घरांच्या गल्लीतल्या रहिवाशांनी तर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीला फाटक लावण्याची मागणी केली होती.

जुना_नकाशा यांचे उत्तर

मी अर्धाच सहमत आहे. पाखरांना माणसे नको असतात हे खरे. परंतु लोकांसाठी राखलेली जागा कोणाला माहीतच नसेल तर ती हळूहळू कोणाची तरी होऊन जाते. न्यूयॉर्कमधल्या ज्या खुल्या जागांचा मी वर उल्लेख केला, त्यांची 2017 मध्ये तपासणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी ठरलेल्या सोयी दिलेल्या नव्हत्या. माझ्या गच्चीतल्या बागेचा फलक झाडाआड गेला होता तो वाऱ्याने नव्हे. म्हणून मी असा फरक करतो की जी जागा गर्दीने मोडेल तिच्याबद्दल गप्प राहावे आणि जी जागा विसरल्याने जाईल तिच्याबद्दल बोलावे, तेही आधी तिच्या शेजाऱ्यांशी. तुमची विहीर यांपैकी कोणत्या प्रकारची आहे?

रविवारची_पायपीट यांचा प्रतिसाद

हे मला ठाऊक नव्हते, म्हणून काल पुन्हा गेले. हातगाडी जागेवरच होती. तिच्या मालकाला विचारले, तर तो म्हणाला की गाडी तो मुद्दामच तिथे लावतो. नाहीतर रात्री लोक पायऱ्यांवर कचरा आणून टाकतात. विहिरीतला गाळ उन्हाळ्यात शेजारची चार घरे मिळून काढतात आणि या वर्षी त्यांना माणसे कमी पडत आहेत. मी छायाचित्र अजून कुठेही टाकलेले नाही. गाळ काढायला मात्र येते म्हणून सांगितले आहे. त्याने तारीख दिलेली नाही. पाणी तळाच्या तिसऱ्या पायरीखाली गेले की या, एवढेच सांगितले. काल ते पाचवीवर होते.